प्रश्न मत्स्यालयाचे : नवा क्लाउनफिश आणि अंगावरचा पांढरा थर

प्रश्न : पाच दिवसांपूर्वी मी क्लाउनफिशची एक जोडी आणली आणि थेट खाऱ्या पाण्याच्या टाकीत सोडली. टाकी २०० लिटरची असून आठ महिन्यांपासून चालू आहे. तीत लाइव्ह रॉक, काही मऊ प्रवाळ, एक कोळंबी आणि गोगलगायी आहेत. पहिले दोन दिवस दोन्ही मासे व्यवस्थित खात होते. तिसऱ्या दिवशी मोठ्या माशाने खाणे सोडले. त्याच्या पाठीवर आणि डोळ्यांच्या मागे राखट-पांढरा पातळ थर दिसू लागला, आणि आज तो थर काही ठिकाणी सुटून धाग्यांसारखा लोंबतो आहे. मासा पृष्ठभागाजवळ, पंपाच्या धारेकडे तोंड करून भराभर श्वास घेतो. लहान मासा अजून खातो आहे. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, तापमान २६ अंश, विशिष्ट गुरुत्व (म्हणजे पाण्याच्या खारटपणाचे माप) १.०२५ आहे. एका परिचितांनी हा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग असल्याचे सांगून टाकीत तांब्याचे औषध घालण्याचा सल्ला दिला आहे. ते घालावे का?

उत्तर : या रोगात तासांचा हिशेब असतो, म्हणून आपल्याला थोडक्यात उत्तर त्याच दिवशी कळवले होते, इतर वाचकांच्या उपयोगासाठी ते येथे सविस्तर देत आहे. तांब्याचे औषध या टाकीत मुळीच घालू नये. आपण वर्णन केलेली लक्षणे पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाची नाहीत, ती बहुतांशी ब्रुक्लिनेला या दुसऱ्याच परजीवीची आहेत, आणि ब्रुक्लिनेलावर तांब्याचा भरवशाचा परिणाम होत नाही. शिवाय तांबे कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ यांच्या जिवावर उठते, आणि चुनखडीयुक्त खडक व वाळू ते शोषून घेत असल्यामुळे पाण्यातील त्याचे प्रमाण स्थिर ठेवता येत नाही. म्हणजे रोग तसाच राहील आणि टाकीतले निरोगी जीव मात्र जातील.

नव्याने आणलेल्या क्लाउनफिशच्या अंगावर काहीतरी पांढरे दिसले की बहुतेक जण त्याला एकाच नावाने ओळखतात आणि एकच औषध आणतात. प्रत्यक्षात तीन वेगवेगळे परजीवी तीन वेगवेगळ्या प्रकारचे पांढरे दाखवतात, आणि तिघांनाही चालेल असा एकच उपचार नाही. त्यामुळे औषधाची बाटली उघडण्यापूर्वी दहा मिनिटे माशाकडे नीट पाहणे हा उपचाराचाच पहिला भाग आहे, असे मी मानतो.

पाहण्याची पद्धत अशी : खोलीतले आणि टाकीवरचे दिवे बंद करावेत, आणि लहान विजेरीचा झोत समोरून न टाकता माशाच्या अंगाला घासून जाईल असा बाजूने टाकावा. समोरून पडलेल्या उजेडात क्लाउनफिशचे पांढरे पट्टे चकाकतात आणि त्यांच्यावरचे बारीक काही दिसत नाही. तिरप्या उजेडात मात्र अंगावरचा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. पट्ट्यांपेक्षा नारिंगी भागाकडे आणि पारदर्शक परांच्या कडांकडे अधिक लक्ष द्यावे. त्यानंतर घड्याळ समोर धरून कल्ल्यांची झाकणे ३० सेकंदांत किती वेळा उघडतात ते मोजावे, आणि लगेच दुसऱ्या, निरोगी दिसणाऱ्या माशाचीही तशीच मोजणी करावी. दोन्ही आकड्यांत मोठी तफावत असेल तर रोग कल्ल्यांपर्यंत पोहोचला आहे असे धरून चालावे.

अंगावर रव्याच्या कणांएवढे, सुटे, मोजता येण्याजोगे ठिपके असतील आणि ते दोन-चार दिवसांनी नाहीसे होऊन पुन्हा अधिक संख्येने येत असतील, तर तो क्रिप्टोकॅरिऑन, म्हणजे ज्याला खऱ्या अर्थाने पांढऱ्या ठिपक्यांचा रोग म्हणतात तो. ठिपके नाहीसे झाले म्हणजे मासा बरा झाला, असे समजण्याची चूक येथे हमखास होते. प्रत्यक्षात परजीवीची वाढ पूर्ण होऊन तो माशावरून उतरलेला असतो. तो तळाशी किंवा खडकावर कवच करून बसतो आणि त्या कवचातून शेकडो पिले बाहेर पडून पुन्हा मासे शोधू लागतात.

ठिपके कणांइतके मोठे नसून पिठीसाखर भुरभुरावी तसे बारीक, किंचित पिवळसर किंवा सोनेरी असतील, मासा उजेड टाळत असेल आणि अंगावर फारसे काही दिसण्यापूर्वीच धापा टाकू लागला असेल, तर अ‍ॅमिलूडिनियमचा, म्हणजे मखमली रोगाचा संशय घ्यावा. तो कल्ल्यांपासून सुरुवात करतो, त्यामुळे पुष्कळदा मासा दगावतो तेव्हा त्याच्या अंगावर डोळ्यांना दिसेल असे काहीच नसते.

तिसरा ब्रुक्लिनेला. यात सुटे ठिपके नसतात. दुधावर साय धरावी तसा सलग, धुरकट थर येतो, त्याखालचा नारिंगी रंग फिका पडतो, आणि पुढे ती साय पापुद्र्यांसारखी सुटून लोंबू लागते. हा थर म्हणजे स्वतः परजीवी नव्हे. ब्रुक्लिनेला हा केसल, एकपेशीय, अतिसूक्ष्म प्राणी कातडी आणि कल्ले कुरतडतो, आणि माशाचे शरीर त्याला धुऊन काढण्यासाठी बेसुमार बुळबुळीत स्राव सोडते. लोंबतो तो हा स्राव आणि मेलेली कातडी. समुद्रफुलाच्या डंखांपासून क्लाउनफिशचे रक्षण करणारा स्रावाचा थर त्याच्या जगण्याचा आधार असतो, आणि नेमका तोच येथे उद्ध्वस्त होतो. १९७० मध्ये या परजीवीचे प्रथम शास्त्रीय वर्णन झाले. तो इतरही सागरी माशांना होतो, तरी क्लाउनफिशमध्ये त्याचे प्रमाण इतके आहे की मासे पाळणारे त्याला सरळ ‘क्लाउनफिशचा रोग’ म्हणतात. समुद्रातून पकडलेल्या आणि वाहतुकीत दाटीवाटीने ठेवलेल्या माशांत तो अधिक आढळतो.

तो इतका झपाट्याने का वाढतो, हे कळले की उपचारातली घाई पटते. क्रिप्टोकॅरिऑन आणि अ‍ॅमिलूडिनियम या दोघांनाही वाढीसाठी माशावरून उतरावे लागते, कवच करावे लागते, वाट पाहावी लागते. ब्रुक्लिनेलाला यातले काहीच लागत नाही. तो माशाच्या अंगावरच एकाचे दोन, दोनाचे चार असा विभागत जातो. म्हणूनच सकाळी थोडा धुरकट दिसलेला मासा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तळाशी पडलेला आढळतो.

सूक्ष्मदर्शक उपलब्ध असेल, किंवा माशांचे काम करणारा पशुवैद्य जवळ असेल, तर कातडीवरचा थोडा स्राव काचपट्टीवर घेऊन पाहिल्यास शंका उरत नाही. शंभर पटीच्या आत-बाहेर दाखवणारा साधा सूक्ष्मदर्शक यासाठी पुरतो. ब्रुक्लिनेला घेवड्याच्या दाण्यासारखा चपटा असून कातडीच्या तुकड्यांवरून सरपटत फिरतो. क्रिप्टोकॅरिऑन गोलसर, गडद असून जागच्या जागी संथपणे गरगरतो. अ‍ॅमिलूडिनियम तपकिरी, नासपतीच्या आकाराचा असतो आणि मुळीच हलत नाही. मात्र मासा धापा टाकत असताना सूक्ष्मदर्शकाची वाट पाहत बसू नये.

आता उपचार. दोन्ही मासे आजच टाकीबाहेर काढावेत. लहान मासा खातो आहे म्हणून त्याला मागे ठेवण्याचा मोह होईल, तो आवरावा. तो त्याच पाण्यात पाच दिवस राहिला आहे. उपचारासाठी ४० ते ६० लिटरची रिकामी टाकी पुरेशी आहे : तळाशी वाळू नको, खडक नको, फक्त हीटर, हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर आणि लपण्यासाठी पीव्हीसी पाइपचा एखादा तुकडा. फिल्टरमध्ये कार्बन ठेवू नये, कारण तो औषध शोषून घेतो. आजारी माशाच्या कातडीला जागोजागी भोके पडलेली असतात, आणि सागरी माशाच्या शरीरातले पाणी बाहेरच्या खारटपणाकडे सतत ओढले जात असल्यामुळे अशा माशाची आतून तहान वाढते. म्हणून उपचाराच्या टाकीतले विशिष्ट गुरुत्व १.०१८ ते १.०२० च्या आसपास ठेवल्यास त्याच्यावरचा ताण थोडा कमी होतो.

मासा अगदीच धापा टाकत असेल तर प्रथम गोड्या पाण्याची बुडी द्यावी. क्लोरीन काढलेले गोडे पाणी टाकीच्याच तापमानाला आणावे, थोडा खाण्याचा सोडा घालून त्याचा पीएच टाकीच्या पीएचइतका, म्हणजे ८.२ च्या आसपास करावा, अर्धा तास हवा सोडावी आणि मग माशाला तीन ते पाच मिनिटे त्यात ठेवावे. पहिल्या अर्ध्या मिनिटात मासा आडवा पडतो किंवा थरथरतो. त्याने घाबरून जाऊ नये, परंतु तो त्यानंतरही सावरला नाही तर लगेच बाहेर काढावा. या बुडीने कल्ल्यांवरचे काही परजीवी आणि साचलेला स्राव सुटतो व माशाला उसंत मिळते. तो बरा मात्र होत नाही. बुडीनंतर तरतरी आलेली पाहून उपचार तेथेच थांबवल्यामुळे दगावलेले मासे मी पाहिले आहेत.

ब्रुक्लिनेलावरचा खरा उपाय फॉर्मॅलिनचा, म्हणजे फॉर्मल्डिहाइडच्या पाण्यातल्या द्रावणाचा. ३७ टक्क्यांचे फॉर्मॅलिन १० लिटर खाऱ्या पाण्याला १.५ मिलिलिटर या प्रमाणात वेगळ्या भांड्यात मिसळावे आणि माशाला त्यात ३० ते ४५ मिनिटे ठेवावे. भांड्यातले पाणी उपचाराच्या टाकीतल्याच तापमानाचे आणि खारटपणाचे असावे. फॉर्मॅलिन पाण्यातला प्राणवायू घटवते, आणि या माशाचे कल्ले आधीच निकामी होत आलेले असतात, म्हणून हवेचा दगड (पंपाची हवा बुडबुड्यांनी पाण्यात सोडणारा सच्छिद्र तुकडा) पूर्ण जोराने चालू असणे अत्यावश्यक आहे. पूर्ण वेळ भांड्यासमोरून उठू नये. मासा तोल सोडून उलटा होऊ लागला किंवा उड्या मारू लागला, तर वेळ पूर्ण होण्याची वाट न पाहता त्याला स्वच्छ पाण्यात न्यावे. एक दिवसाआड अशी तीन स्नाने द्यावीत आणि प्रत्येक स्नानानंतर शक्य तर धुऊन कोरड्या केलेल्या दुसऱ्या टाकीत, ताज्या खाऱ्या पाण्यात मासा सोडावा, नाहीतर जुन्या टाकीत मागे राहिलेले परजीवी त्याची वाटच पाहत असतात.

फॉर्मॅलिनविषयी दोन गोष्टी जरा कठोरपणे सांगतो. बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसलेला दिसला तर ते फॉर्मॅलिन कितीही महाग असले तरी वापरू नये, कारण तो साका माशांना अतिशय विषारी असतो. थंडीत किंवा फ्रिजमध्ये ठेवल्याने तो तयार होतो. आणि हे द्रव्य माणसालाही घातक, कर्करोगकारक आहे. हातमोजे आणि चष्मा घालून, खिडक्या उघड्या ठेवून ते मोजावे, बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी कुलपात ठेवावी. घरात लहान मूल, गरोदर स्त्री किंवा दम्याचा रुग्ण असेल तर हे काम पशुवैद्याकडे सोपवणे योग्य.

स्नाने पूर्ण झाल्यावर साय जाते, पण खालची कातडी सोललेली असते आणि तेथे जिवाणूंचा संसर्ग होऊ शकतो. परांच्या कडा झिजू लागल्या, लालसर चट्टे उठले किंवा डोळा गढुळला, तर प्रतिजैविकासाठी पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. प्रतिजैविके अंदाजाने घालू नयेत. खाणे परत सुरू होणे हे माझ्या मते सर्वांत विश्वासार्ह चांगले लक्षण आहे. त्यासाठी आधी जिवंत आर्टेमिया (कोळंबीच्या जातकुळीतला बारीक जीव) देऊन पाहावा, कारण आजारी मासा न हलणाऱ्या दाण्याकडे ढुंकूनही पाहत नाही, पण समोर वळवळणारे काही दिसले तर तोंड उघडतो. उपचाराच्या टाकीत अमोनिया रोज मोजावा. तो दिसताच निम्मे पाणी बदलावे.

मोठ्या टाकीत औषधाची गरज नाही. तिच्यात सहा आठवडे एकही मासा ठेवू नये. कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ जसेच्या तसे राहू द्यावेत. यजमान मासा मिळाला नाही की ब्रुक्लिनेला टिकत नाही.

या उत्तराला एक जुनी आठवण जोडतो. माझ्याकडे आलेल्या पहिल्या जोडीला हाच रोग झाला होता आणि मी तिला चार दिवस तांब्यात ठेवले. रोज सकाळी तांब्याचे प्रमाण काटेकोरपणे मोजत होतो, आकडा बरोबर येत होता, आणि पाचव्या सकाळी दोन्ही मासे गेलेले होते. मोजमापात चूक नव्हती. रोग ओळखण्यात होती. आपला लहान मासा अजून खातो आहे, त्यामुळे आपल्या हाती माझ्यापेक्षा अधिक वेळ आहे.

प्रश्न : वरीलसारखी परिस्थिती, पण माझ्या क्लाउनफिशच्या अंगावर सुटे पांढरे ठिपके आहेत, थर नाही. तापमान ३० अंशांपर्यंत वाढवले, खाण्यात लसूण घातला आणि साफसफाई करणारी कोळंबी आणून सोडली. ठिपके गेले होते, आता दुप्पट झाले आहेत.

उत्तर : ठिपके गेले ते परजीवीच्या स्वतःच्या जीवनक्रमामुळे, आपल्या उपायांमुळे नव्हे. तापमान वाढवण्याचा उपाय गोड्या पाण्यातल्या पांढऱ्या ठिपक्यांसाठी सांगितला जातो. तो वेगळा प्राणी आहे. क्रिप्टोकॅरिऑनचा जीवनक्रम उष्ण पाण्यात केवळ जलद होतो, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी मावत असल्यामुळे माशाचे हाल वाढतात. तापमान हळूहळू २६ अंशांवर आणावे. लसणाने माशाची भूक वाढली तर उत्तमच, पण परजीवी मरत नाही. कोळंबी माशाच्या अंगावरचे काहीबाही टिपते. कातडीच्या आत रुतून बसलेला हा परजीवी तिला उपटून काढता येत नाही.

येथे मात्र तांबे उपयोगी आहे, अर्थात उपचाराच्या वेगळ्या टाकीत. साधे आयनिक तांबे असेल तर प्रमाण लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम ठेवावे लागते, दोन दिवसांत हळूहळू तेथपर्यंत न्यावे लागते आणि तीन ते चार आठवडे एक दिवसही खाली येऊ न देता टिकवावे लागते. बाजारातल्या बांधीव, म्हणजे चिलेटेड, तांब्याचे प्रमाण याहून कितीतरी वेगळे असते, म्हणून बाटलीवरचे प्रमाण आणि त्या प्रकाराला चालणारा तपासणी संच हे दोन्ही पाळावे. रसायन नको असेल तर माशाला दर ७२ तासांनी पूर्णपणे कोरड्या, स्वच्छ टाकीत नव्या पाण्यात हलवण्याची पद्धत आहे. माशावरून उतरलेले परजीवी जुन्या टाकीत मागे राहतात आणि त्यांची पिले बाहेर पडण्याआधी मासा निघून गेलेला असतो. असे चार वेळा हलवल्यावर मासा मोकळा होतो. कष्ट पुष्कळ, पण कोवळ्या माशाला ही पद्धत मानवते. जाळी आणि हीटरसुद्धा प्रत्येक वेळी वेगळे किंवा खडखडीत वाळवलेले हवेत. ओल्या जाळीतून आलेले एक कवच सगळ्या कष्टांवर पाणी फिरवते.

मूळ टाकी मात्र दीर्घकाळ माशांविना ठेवावी लागेल. कवचातून पिले बाहेर पडण्यास बहुधा तीन ते चार आठवडे पुरतात, तरी ७२ दिवसांनंतरही ती निघाल्याची नोंद आहे, म्हणून मी अडीच महिने थांबतो. मखमली रोगात सहा आठवडे पुरतात. त्या रोगात खारटपणा उतरवूनही काही साधत नाही, कारण अ‍ॅमिलूडिनियम जवळजवळ गोड्या पाण्यापासून समुद्राहून खाऱ्या पाण्यापर्यंत सर्वत्र तग धरतो. तेथे तांबे किंवा पशुवैद्याच्या देखरेखीखाली क्लोरोक्विन, एवढेच मार्ग आहेत.

प्रश्न : पार्सलने आलेला क्लाउनफिश पिशवीत सुस्त पण ठीक होता. नियमाप्रमाणे पिशवी उघडून तीत दोन तास थेंबथेंब टाकीचे पाणी सोडले. टाकीत जाताच तो जोरजोराने श्वास घेऊ लागला. अंगावर काहीच नाही. हा मखमली रोग आहे का?

उत्तर : पहिल्या काही तासांतच असे झाले असेल, तर आधी अमोनियाचा विचार करावा. प्रवासात माशाच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड साचतो आणि पिशवीतल्या पाण्याचा पीएच उतरतो. त्याच पाण्यात मलमूत्राचा अमोनियाही साचतो, पण पीएच खाली असल्यामुळे तो बराचसा निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो, आणि तोच अमोनिया विषारी रूपात येतो. थेंबथेंब पद्धतीत आपण माशाला त्याच पाण्यात दोन तास बसवतो, वर पीएच चढवणारे पाणीही घालत जातो.

लांबचा प्रवास करून आलेल्या माशासाठी बंद पिशवी १५ ते २० मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवावे, मग पिशवी उघडून लगेच खारटपणा मोजावा आणि मासा विलगीकरणाच्या टाकीत सोडावा. त्या टाकीचा खारटपणा आधीच विक्रेत्याच्या पाण्याइतका करून ठेवलेला असावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. आपला मासा भरपूर हवा सोडलेल्या, अंधुक उजेडाच्या टाकीत दिवस-दोन दिवसांत सावरला तर काळजीचे कारण नाही. तिसऱ्या दिवशीही श्वास तसाच जलद असेल, तर पहिल्या उत्तरात सांगितलेली विजेरीची तपासणी करून मखमली रोगाचा उपचार सुरू करावा.

प्रश्न : रात्री माझा नवा क्लाउनफिश टाकीच्या कोपऱ्यात आडवा पडून राहतो, सकाळी उठून शेपटी हेलकावत विचित्र पोहतो. शिवाय मोठ्या माशासमोर तो अंग थरथरवतो. हा मज्जासंस्थेचा रोग आहे का?

उत्तर : हा रोग नाही. क्लाउनफिश कोपऱ्यात, कधी पृष्ठभागाजवळ, कललेल्या अवस्थेत झोपतात, आणि हेलकावे खात पोहणे ही त्यांची नेहमीचीच चाल आहे, कारण समुद्रात ते मोठे अंतर कापत नाहीत, समुद्रफुलाभोवतीच घुटमळतात. मोठ्या माशासमोर थरथरणे ही शरणागतीची खूण आहे. जोडीतला मोठा मासा मादी होतो आणि लहान मासा नर राहतो. त्यांच्यातला हा क्रम थरथरण्यातून पक्का होत असतो. दिवसा तो खात असेल आणि श्वास सामान्य असेल तर औषध घालू नये. निरोगी माशाला दिलेले औषध त्याचे कल्ले दुखवते.

प्रश्न : दोन आठवड्यांपूर्वी घेतलेला क्लाउनफिश खातो, तरी पोट खपाटीला गेले आहे. विष्ठा पांढरी, लांब दोऱ्यासारखी लोंबते.

उत्तर : उपाशी माशाची विष्ठाही पांढरी दोऱ्यासारखी असते, कारण आतड्यातून फक्त स्राव बाहेर पडतो, म्हणून तो अन्न खरोखर गिळतो की तोंडात घेऊन थुंकतो, हे आधी पाहावे. गिळत असूनही वाळत असेल, डोक्यामागचा भाग वरून पाहता खोलगट दिसत असेल, तर आतड्यातील परजीवींचा संशय रास्त आहे. एकपेशीय परजीवींसाठी मेट्रोनिडाझोल खाण्यात मिसळून दिले जाते, कृमींसाठी प्राझिक्वाण्टेल. दोन्ही पशुवैद्याकडून प्रमाण ठरवून घ्यावीत. औषध अन्नातूनच द्यावे, कारण पाण्यात विरघळलेले औषध आतड्यापर्यंत पुरेसे पोहोचत नाही. गोठवलेला मायसिस (कोळंबीसारखा बारीक जीव, माशांचे खाद्य) वितळवून निथळावा, त्यात भुकटी कालवावी आणि अर्धा तास मुरू द्यावी, म्हणजे पाण्यात पडताच औषध धुऊन जात नाही.

वाळलेल्या माशाला एकदम भरपूर देण्याऐवजी दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे. पोट भरू लागल्यावरही विष्ठेचा रंग पालटायला काही दिवस जातात, तेवढा धीर धरावा.

प्रश्न : नव्या क्लाउनफिशच्या छातीजवळच्या परावर फुलकोबीसारखी पांढरी गाठ आली आहे. तो खातो, पोहतो. गाठ कापून काढावी का?

उत्तर : कापू नये. वर्णनावरून हा लिम्फोसिस्टिस नावाचा विषाणूजन्य विकार आहे. पकडणे, वाहतूक आणि नवी जागा यांच्या ताणानंतर तो उमटतो. त्यावर औषध नाही आणि बहुधा लागतही नाही. पाणी स्वच्छ आणि आहार सकस ठेवल्यास गाठ काही आठवड्यांत आपोआप गळून पडते, पुढे ताण आला तर परतूही शकते. गाठ तोंडावर येऊन खाण्याच्या आड येऊ लागली, तरच पशुवैद्याला दाखवावी. तोवर दर आठवड्याला एकाच कोनातून एक छायाचित्र काढून ठेवावे. रोज पाहणाऱ्या डोळ्यांना गाठ वाढते आहे की ओसरते आहे हे कळत नाही, दोन छायाचित्रे शेजारी ठेवली की लगेच कळते.